लिव्हर ‘धुतल्याने’ मधुमेह जात नाही

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने मधुमेहाच्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या. कारण विचारले तेव्हा तिने मोबाइल पुढे केला. ‘मधुमेह हा साखरेचा नव्हे, लिव्हरचा आजार आहे, फॅटी लिव्हर 21 दिवसांत धुऊन काढा आणि गोळ्या-इन्सुलिन फेकून द्या,’ असा तो संदेश, आणि खाली ‘दहा जणांना तरी पाठवा’ ही नेहमीची शेपटी. बाराव्या दिवशी तिची उपाशीपोटीची साखर 286 निघाली, म्हणून हे लिहिणे आले.

संदेशाच्या पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘रात्री नुसते दूध पिऊन झोपते, तरी सकाळी साखर कशी वाढते?’ हा मावशीचा जुना प्रश्न. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी यकृतातच आहे. आपण झोपेत असताना यकृत रक्तात साखर सोडत असते आणि त्याला आवर घालण्याचे काम इन्सुलिन करते. पेशींत चरबी साचलेले यकृत हा आवर नीट जुमानत नाही. वर तीच जादा चरबी रक्तावाटे इतरत्र, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडापर्यंतही पोहोचते. उलट बाजूने मधुमेहही यकृताचे नुकसान वाढवतो. परंतु हे सारे टाइप 2 मधुमेहाबद्दल झाले. संदेशात प्रकारांचा उल्लेखच नाही, आणि टाइप 1 च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, एखाद्या मुलाचे इन्सुलिन हे वाचून कोणी थांबवले, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतू शकते.

आता त्या ‘धुण्या’विषयी. शेवटच्या रात्री अर्धी वाटी ऑलिव्ह तेल आणि तितकाच लिंबाचा रस प्यायचा, म्हणजे सकाळी शौचावाटे हिरवे खडे पडतात आणि तीच लिव्हरमधली घाण, असे सांगितले आहे. खडे पडतात हे खरे, पण ते यकृतातून येत नाहीत. प्यायलेल्या तेलाचेच पोटात साबणासारखे गोळे होतात. अशाच एका स्त्रीने आणलेल्या खड्यांची तपासणी 2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्यांत पित्ताच्या खऱ्या खड्यांत असणारे ना कोलेस्टेरॉल सापडले, ना बिलिरुबिन, आणि 40 अंश सेल्सियसला ते चक्क वितळले. यकृतातली चरबी तुंबलेल्या मोरीतल्या गाळासारखी नसते. ती पेशींच्या आत थेंबांच्या रूपात असते आणि शरीराने ती वापरली तरच कमी होते.

ती कमी झाल्यावर काय होते, हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत दिसले. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या या चाचणीत टाइप 2 मधुमेहाचे 306 रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचाच आहार देण्यात आला. वर्षअखेरीस या गटातील 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. ज्यांचे वजन 15 किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात ते 86 टक्के होते. दोन वर्षांनी मात्र 46 चे 36 टक्के झाले, कारण वजन परत चढले की साखरही परतते. संदेश लिहिणारा म्हणेल की तिथेही गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. थांबवल्या होत्या, पण तो कडक आहार सुरू करून आणि वैद्यकीय देखरेखीखाली. शिवाय इन्सुलिन घेणारे आणि सहा वर्षांहून जुना मधुमेह असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, आणि मावशीचा मधुमेह नऊ वर्षांचा आहे.

संदेशात सांगितलेल्या काढ्यात गुळवेलही आहे. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गुळवेल घेणाऱ्यांना यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केल्या आहेत. तूप सोडा म्हणणारा हा संदेश साखरेच्या सरबतांबद्दल आणि मद्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

‘एसजीपीटी नॉर्मल आले की लिव्हर साफ’ हा संदेशातला शेवटचा मुद्दाही चुकीचा आहे. एसजीपीटी हे रक्तात मोजले जाणारे यकृताचे एक एन्झाइम, आणि यकृतात चरबी आणि त्यामागून येणारा घट्टपणा असूनही हा आकडा नॉर्मल राहू शकतो. म्हणून मावशीच्या डॉक्टरांनी तिचे वय, एसजीपीटी, एसजीओटी हे तसलेच दुसरे एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून यकृताच्या घट्टपणाचा अंदाज देणारा ‘फिब-4’ हा निर्देशांक काढला. त्यासाठी लागणारे सगळे आकडे तिच्या जुन्या रिपोर्टांतच होते.