चौरस मीटरमागे किती माणसं?

चेंगराचेंगरी झाली की दुसऱ्या दिवशीची वाक्यं ठरलेली असतात. 'अफवा पसरली, लोक घाबरून पळाले.' नाहीतर 'आपल्या लोकांना शिस्तच नाही.' मला या दोन्ही वाक्यांचा मनापासून राग येतो. मेलेल्यांच्या माथीच त्यांच्या मरणाचं खापर फुटतं आणि विषय तिथेच संपतो.

२९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशन. सकाळची गर्दीची वेळ, जोराचा पाऊस. पावसामुळे माणसं पुलावरच थांबलेली आणि खालून येणाऱ्या प्रत्येक लोकलबरोबर आणखी माणसं जिना चढतायत. २३ जीव गेले. पुढे कित्येक दिवस चर्चा कशाची, तर 'फूल गिर गया' हे कुणीतरी 'पूल गिर गया' असं ऐकलं याची. झालंही असेल तसं. पण मोकळ्या पुलावर कुणी तेच ओरडलं असतं तर चार माणसांनी मागे वळून बघितलं असतं, इतकंच. ओरडण्याआधी त्या जिन्यावर किती माणसं होती, हा खरा प्रश्न आहे. आणि तो मोजता येतो.

चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर ज्याचा तो आपल्या मर्जीने चालतो. चार-पाच झाली की खांदे घासतात, चाल मंदावते. सहा-सातच्या पुढे गर्दी माणसांसारखी वागतच नाही, पाण्यासारखी वागते. एका टोकाला बसलेला धक्का लाटेसारखा दुसऱ्या टोकाला पोचतो, पाय जमिनीवरून उचलले जातात, लोखंडी कठडे वाकतात. अशा वेळी बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवर इतका दाब येतो की श्वास आत घेताच येत नाही. कित्येक जण उभ्या उभ्याच गुदमरतात. 'लोक पळाले' म्हणणाऱ्यांनी सांगावं, पळायला जागा होती कुठे?

गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रूइन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते कळतच नाही. पुढे कुणी पडलंय, दार बंद आहे, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढे जागा असेल असं समजून तो साधं एक पाऊल टाकतो. मागे अशी हजारो साधी पावलं पडतात आणि पुढच्याच्या बरगड्यांवर त्यांची बेरीज होते. यात दुष्ट कुणीच नसतो.

१२ जानेवारी २००६ रोजी हजच्या वेळी मक्केजवळच्या मीना इथे, सैतानाचं प्रतीक मानलेल्या खांबांना यात्रेकरू जिथे दगड मारतात त्या जमारात पुलापाशी, ३४६ यात्रेकरू मेले. गर्दीच्या हालचालींचा अभ्यास करणारे डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं. अपघाताच्या जवळपास अर्धा तास आधीपासून सलग चालणारी गर्दी थांबत-थांबत, हिसके देत सरकू लागली होती. म्हणजे धोक्याची खूण डोळ्यांसमोर होती, ती वाचणारं कुणी नव्हतं. नंतर तिथे नवा बहुमजली पूल झाला, जायचे-यायचे मार्ग वेगळे झाले. तरीही २०१५ मध्ये त्याच मीनाच्या रस्त्यावर याहून कितीतरी मोठा अनर्थ घडला. एक जागा दुरुस्त केली की काम संपलं असं या विषयात होत नाही.

आपल्याकडे २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं गेली. अरुंद चढ, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. नाशिकच्या कुंभात २७ ऑगस्ट २००३ ला ३९ जण गेले. तिथेही रामकुंडाकडे जाणारा रस्ता चिंचोळाच होता.

यावर 'श्रद्धेला काय गणित लावता?' असं विचारलं जातं. मी श्रद्धेला गणित लावत नाही, रस्त्याच्या रुंदीला लावतो. सपाट रस्त्यावर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला साधारण ८० माणसं सुरक्षितपणे पुढे जातात, जिन्यावर ६५ च्या आसपास. म्हणजे तीन मीटरच्या जिन्यावरून मिनिटाला दोनशेसुद्धा नाहीत. गाड्या मिनिटाला चारशे माणसं आणून सोडत असतील, तर उरलेले दोनशे कुठे उभे राहणार? भाविक असोत, नोकरदार असोत, क्रिकेटवेडे असोत, उत्तर बदलत नाही.

आणि शिस्तीचं म्हणाल, तर संकटात माणूस जनावर होतो हेसुद्धा खरं नाही. जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी जॉन ड्रुरी आणि इतर मानसशास्त्रज्ञ बोलले, तेव्हा अनोळखी माणसांनी एकमेकांना धरून ठेवल्याच्याच हकिकती पुढे आल्या. त्याच महिन्यात, २६ जुलैला, मुंबईने काय केलं ते आपण पाहिलंच आहे. छातीभर पाण्यात लोकांनी साखळ्या केल्या, परक्यांना घरात घेतलं.

२०२७ चा नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. किती कोटींचा निधी, किती हजार पोलीस, हे आकडे रोज छापून येतात. मला वेगळे आकडे हवे आहेत. प्रत्येक घाटाकडे जाणारा रस्ता सर्वांत अरुंद जागी किती मीटर आहे? तिथून तासाला किती माणसं जाऊ शकतात? गर्दी त्यापुढे गेली तर मागचा लोंढा कुठे थांबवणार आणि तो थांबवण्याचा हुकूम कोण देणार? ही माहिती पर्वणीच्या आधी चौकाचौकात लावा. पत्रकार मित्रांनो, पुढच्या पत्रकार परिषदेत एवढं नक्की विचारा.