आधी बोटं बघा, मग मासा

मोठ्या पाइकचा फोटो समोर आला की मी आधी मासा बघतच नाही. धरणाऱ्याची बोटं बघतो. बोटं जाडजूड आणि मागचा चेहरा मात्र पासपोर्ट फोटोएवढा, असं दिसलं की समजायचं, भाऊंनी कोपर ताठ करून मासा थेट कॅमेऱ्याच्या तोंडात दिलाय. हल्ली हुशार मंडळी बोटंही माशाच्या मागे लपवतात. म्हणजे तपास करणाऱ्यालाही काम.

ज्यांना पाइक माहीत नाही त्यांच्यासाठी: युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा हा दांडगा शिकारी. हिरवट लांब अंग, त्यावर फिकट ठिपके, चपटा जबडा, आत वळलेले दात. मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये कालव्या-कालव्यात सापडतो, आणि इथल्या गळवाल्यांचा जीव एका आकड्यात अडकलेला असतो: एक मीटर. ब्रिटनमध्ये हाच मान 20 पौंडांना. त्याच्या आतलं काही पकडलं तर लोक जवळपास दिलगिरी व्यक्त करत फोटो टाकतात.

आता हिशोब बघा. माणूस कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर उभा आहे आणि मासा त्याने अर्धा मीटर पुढे धरलाय. म्हणजे मासा कॅमेऱ्यापासून मीटरभरावर. झालं! माणसाच्या मानाने मासा दीडपट दिसणार. 80 सेंटिमीटरची पाइक बघणाऱ्याच्या डोळ्यांत 120ची होते. आणि लांबी दीडपट झाली की वजन नुसतं दीडपट होत नाही, तिपटीच्याही वर जातं, कारण मासा रुंदीत आणि जाडीतही वाढतो. चार किलोची पाइक बसल्या जागी तेरा किलोंची. लोक मोबाइलच्या वाइड लेन्सला दोष देतात, पण ती बिचारी फक्त इतक्या जवळून फोटो काढू देते. बाकी कर्तृत्व कोपराचं.

मला या फसवणुकीचा राग येत नाही, उलट मजा वाटते. पाइकच्या बाबतीत तर ही परंपराच आहे. जर्मनीत हाइलब्रॉनजवळ 1497 साली म्हणे एक पाइक सापडली, कल्ल्याशी धातूचं कडं, त्यावर ग्रीक अक्षरांत मजकूर की सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1230 साली हा मासा स्वतःच्या हातांनी तळ्यात सोडला. म्हणजे वय 267 वर्षं! लांबी 19 फूट. लोकांनी शतकानुशतकं विश्वास ठेवला, कारण मानहाइमच्या चर्चमध्ये सांगाडाच ठेवलेला होता. पुढे एका अभ्यासकाने त्याचे मणके मोजले, तर एका पाइकला असतात त्याहून कितीतरी जास्त. अनेक माशांची हाडं जोडून एक सम्राटाचा मासा केला होता. कॅमेरा नव्हता, एवढंच.

आपण हसायचं कारण नाही. संस्थानी शिकारीच्या काळात वाघ नाकाशी आणि शेपटीशी खुंटी ठोकून सरळ मोजायचा की पाठीच्या वळणावरून टेप फिरवत न्यायचा, यावर साहेबलोक आणि राजेमंडळी हमरीतुमरीवर यायची. वळणावरून मोजला की काही इंच फुकट मिळतात. पाइकच्या फुगलेल्या पोटावरून टेप नेणारे आजही आहेतच.

तर मग खरोखर मोठी पाइक केवढी? आंतरराष्ट्रीय विक्रमात नोंद आहे ती 1986 साली जर्मनीच्या ग्रेफर्न तळ्यात पकडलेली, 55 पौंड 1 औंस, म्हणजे 25 किलो. ब्रिटनमध्ये 1992 साली वेल्समधल्या लँडेगवेथ जलाशयात 46 पौंड 13 औंसांची मिळाली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये चू व्हॅली तलावात 47 पौंड 5 औंसांची. ही दोन्ही ब्रिटिश पाणी कसली आहेत? ट्राउट मासे सोडण्याची. माणसांनी गळासाठी पोसलेले ट्राउट सोडायचे आणि पाइकने ते आयते खाऊन फुगायचं. चू व्हॅलीला पाइकसाठी वर्षातले ठरावीक दिवसच मिळतात आणि त्या परवान्यांवर उड्या पडतात. फोटोखाली हे कोणी लिहीत नाही. आपल्या गल्लीमागच्या कालव्यात पुरणपोळी वाढणारं कोणी नसतं, तिथली 70 सेंटिमीटरची पाइक स्वतःच्या कष्टाने मोठी झालेली असते. माझ्या लेखी तिचा मान जास्त.

शिवाय फेब्रुवारी. मोठ्या पाइक जवळपास सगळ्या माद्या असतात, नर सहसा चार-पाच किलोंच्या पुढे जातच नाहीत. आणि वसंताच्या तोंडावर माद्या गाभोळीने गच्च भरलेल्या असतात. तीच मादी जूनमध्ये भेटली तर काट्यावर बरीच हलकी भरेल. 'तीच' म्हणतोय ते उगाच नाही. प्रत्येक पाइकच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, नीट जुळवले की मासा ओळखता येतो. मग लक्षात येतं की एकाच तलावातल्या चार वीरांच्या चार 'राक्षसिणी' ही मुळात एकच थकलेली बाई आहे.

आणि इथे माझी मजा संपते.

गेल्या हिवाळ्यात हॉलंड्स डीप या इथल्या रुंद नदीपात्रात शेजारच्या बोटीत एक खरोखर मोठी पाइक निघाली. जाळ्यातून उचलली, कोरड्या कार्पेटवर टाकली. मग गॉगल लावून एक फोटो, गॉगल काढून एक. टोपी उलटी. सूर्य मागे येतोय म्हणून बोट फिरवली. तोवर मासा खालच्या ओठाला चिमटा लावून उभा लटकवलेला, सगळं वजन एका जबड्यावर. कल्ले उघडत होते, मिटत होते, मग नुसतेच उघडे राहायला लागले. त्या माणसाच्या जॅकेटवर अंगावरची बुळबुळ पुसली गेली होती, ती वाऱ्याने वाळून पापुद्रे सुटत होते. ती बुळबुळ म्हणजे माशाचं जंतूंपासूनचं चिलखत. शेवटी सोडली तेव्हा ती पोट वर करून तरंगली. फोटो अप्रतिम आला असणार.

दात बघून वाटतं पाइक कणखर असेल. तसं नाही, फार नाजूक जनावर. ओली चटई, ओले हात, रबरी जाळं, लांब पक्कड, कल्ल्याच्या झाकणाखाली बोटं सरकवून आणि दुसरा हात पोटाखाली देऊन आडवी धरायची, एक फोटो, पाण्यात. तुम्ही श्वास रोखून धरा, तुम्हाला दम लागला की तिलाही लागलाय. कडक उन्हाळ्यात पाणी तापलं, प्राणवायू कमी झाला, की तिच्या वाटेला जाऊच नये.

सेंटिमीटर फुगवा हो, खुशाल फुगवा. सम्राटाच्या माशाचेही फुगवलेच होते. पण तो फुगवलेला फोटो मिळवायला मासा किती वेळ हवेत होता, ते कुठल्याच फोटोत दिसत नाही, आणि आपण 'वाह दादा, मॉन्स्टर' लिहून मोकळे होतो.

इथल्या आपल्या मराठी मंडळींतही गळाचं वेड वाढतंय, छानच आहे. कोकणात खाडीवर तंगूस हातात धरून वाढलेल्यांना हे पाणी ओळखीचं वाटतं. पाइकचा बंद हंगाम 1 मार्चपासून मेच्या शेवटच्या शनिवारपर्यंत असतो, तो उठला की फोटोंचा पूर येईल. तेव्हा चटईवर आडवी ठेवा, शेजारी टेप ठेवा, किंवा जाळ्यातच, पाण्यातच असताना काढा. 82 भरली तर 82 लिहा, मी पहिला लाइक करेन. खाली गावाकडचे काका 'कालवण कधी?' विचारतीलच. इथल्या बहुतेक क्लबांच्या पाण्यात पाइक परत सोडावीच लागते आणि तिच्यात दुहेरी काटेही भरपूर असतात, हे त्यांना तुमचं तुम्ही समजवा.