बंदूक आसा ती, व्हकल न्हय

आज्याची दुनळी दुरुस्तीला न्यायची, एवढं एकमताने ठरलं. किती दुरुस्त करायची, यावर मात्र गणपतीपासून आमचा वाद चालू आहे. चुलतभावाला ती कोरी करकरीत हवी आहे. नळ्या निळ्याशार, दस्ता आरशासारखा. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले तेव्हा आप्पाकाका एवढंच म्हणाले, "बंदूक आसा ती, व्हकल न्हय." व्हकल म्हणजे नवरी. मी काकांच्या बाजूचा.

नळ्यांच्या खालच्या अंगाला अंडाकृती शिक्का आहे. त्यात ई, एल, जी आणि वर मुकुट. म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीघरातून पास झालेली. मुकुट त्या शिक्क्यात १८९३ साली आला, तेव्हा बंदूक त्याआधीची नाही. ती कुडाळपर्यंत कशी आली ते आज्यालाच ठाऊक.

मागच्या निवडणुकीत ती जमा केली होती. परत आली तेव्हा नळीवर गंजाचा तांबूस थर चढलेला. मी तेलाचं फडकं घेऊन ओटीवर बसलो, हळूहळू पुसत गेलो, आणि गंजाखालून नक्षी वर आली. चकलीची वेटोळी एकाला एक चिकटून ओळीने मांडावीत तशी. ही दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या तापवून एकजीव करायच्या, त्या सळईला पीळ द्यायचा, मग ती गजाभोवती गुंडाळून ठोकून जोडायची. ती नक्षी म्हणजे रंग नव्हे, घडणीचीच खूण आहे.

कोल्हापूरच्या परवानाधारक कारागिरांकडे नेली. (कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे देऊन मोकळं व्हायचे दिवस गेले.) त्यांनी नळी उजेडाकडे धरून आतले खड्डे दाखवले. घासून गुळगुळीत करता येईल, म्हणाले, पण खड्डा जितका खोल तितकी नळी पातळ होणार. आणि गरम क्षारात बुडवून निळा रंग चढवायचा तर दोन्ही नळ्या जोडणारा डाखच खाल्ला जाईल. भाऊ तिथे गप्प झाला.

घरी येऊन पुन्हा सुरू. "निदान दसऱ्याला दोन बार?" अजिबात नाही. असल्या जुन्या बंदुकांची काडतुसाची खोबण बहुधा ६५ मिलिमीटरची, आजचं काडतूस सहसा ७० चं. ते आत बसतं, हीच फसगत. उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. त्यात नळी काळ्या दारूच्या जमान्यातली, आजच्या दारूचा जोर धरून घडवलेली नाही. माझा डावा हात नळीखाली असणार आहे, भावाचा नाही.

"मग वाजणारच नसेल तर डावा घोडा तरी कशाला दुरुस्त करतोस?" हा त्याचा प्रश्न मात्र मला अडवून गेला. डावा घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धवट मागे ओढून ठेवायच्या जागी, थांबत नाही, खाली पडतो. बंदूक रिकामी असली तरी घरात खटका निसटणारी वस्तू नको. तो दुरुस्त होणारच. दस्त्याला जवसाचं तेल, हाताने चोळून.

दस्त्याच्या मानेवरची पितळी तार काढायची नाही. रानडुकराच्या मागे बांधावरून पडून दस्ता चिरला, तेव्हा आज्याने स्वतः गुंडाळलेली. शेवटचा वेढा वाकडा आहे, बोटाला टोचतो. भाऊ म्हणतो, नवा अक्रोडाचा दस्ता बसवू. बसव, पण मग ती आज्याची बंदूक म्हणून दाखवू नकोस.

एक गोष्ट राहिली. नळीवर पाच बारीक खड्डे आहेत, सारख्या अंतरावर. खंडेनवमीला ओल्या हळदकुंकवाचे ठिपके दरवर्षी त्याच जागी लागले, आणि त्याखाली लोखंड गंजत गेलं. गंज थांबवला, खड्डे ठेवले. यंदा नळीला पाणी लागू द्यायचं नाही, असं आईला भीत भीत सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि कुंकू गवसणीला लावलं.