जुना ट्रेलर स्वस्तात मिळेल, हे गृहीत धरू नका

ट्रेलरच्या टंचाईत नवा युटिलिटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून सामान वाहायचा गाडा, परवडत नसेल तर जुना घ्या, हा लेखातला सल्ला अपुरा वाटतो. २०२१ मध्ये इथे अमेरिकेत आम्ही साधा ५ बाय ८ फुटी ट्रेलर शोधत होतो. २०२० च्या उन्हाळ्यात टनाला ५०० डॉलरच्या आसपास असलेलं हॉट-रोल्ड (तापवून लाटलेलं) पोलाद वर्षभरात १९०० च्या वर गेलं. त्यात अ‍ॅक्सल आणि टायर वेळेवर मिळेनात. मग जुन्यालाही लोक जवळपास नव्याचीच किंमत मागू लागले. लॉनचं गवत कापणारे, घरदुरुस्ती करणारे, यांचं पोट त्यावर चालतं. भाव उतरेपर्यंत ते थांबणार कसे? लेखात त्यांचा विचारच नाही, याचं वाईट वाटलं.

आणि जुना घेणारच असाल तर टायरच्या नक्षीवर जाऊ नका. ट्रेलर वर्षानुवर्षं उभा असतो. नक्षी कोरी दिसते, रबर मात्र तडकलेलं असतं. टायरच्या बाजूवर डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) कोडच्या शेवटी चार आकडे असतात, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. चौकटीवरचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, मालकीच्या कागदाशी जुळवा. कोणते कागद लागतात ते राज्यागणिक बदलतं, तेव्हा पैसे देण्याआधीच आपल्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारून घ्या.