'घरबसल्या लिहिलेलं' या शेऱ्याबद्दल

रक्ततपासणीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्वादुपिंडाचा दाह ओळखायला रक्तातलं अमायलेज-लायपेज (स्वादुपिंडातली पाचक एन्झाइम्स) पुरेसं नाही, स्वादुपिंडाच्या कापाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघावीच लागते, आर्जिनिन (दाह आणायला वापरतात ते अमिनो आम्ल) दिलेल्या उंदरांत अमायलेज उलट कमीही येतं, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी, "लेख घरबसल्या लिहिलेला दिसतोय."

साहेब, बेळगावात एका एनिमल हाऊसमध्ये (प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे) १९ वर्षं काढलीत मी. खानापूरहून पहाटेची गाडी धरायची, कारण सात वाजता सेरुलिनचं, म्हणजे स्वादुपिंडाला दाह आणणाऱ्या औषधाचं, पहिलं इंजेक्शन, मग दर तासाला एक. चार-पाच इंजेक्शनं झाली की उंदीर केस पिंजारून, पाठीला बाक काढून कोपऱ्यात बसतो. हे घरी बसून दिसत नाही.

एकदा अख्ख्या तुकडीचं अमायलेज अगदीच कमी आलं. औषध खराब, उंदीर खराब, सगळं बोलून झालं. मी ट्रेमधल्या नळ्या बघितल्या, तर सगळ्या जांभळ्या टोपणाच्या. त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय अमायलेज चालत नाही. पुढच्या तुकडीचं रक्त साध्या नळीत घेतलं, आकडे कुठल्या कुठे वर गेले. वेळेचंही तसंच. अमायलेज काही तासांत चढतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. उशिरा रक्त काढायचं आणि दोष तपासणीला द्यायचा, हा कुठला न्याय?

एक मान्य करतो. अमायलेज 'नॉर्मलच्या तिप्पट' झालं की दाह, हा लेखातला निकष माणसांचा आहे, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. उंदराच्या लाळग्रंथीतूनही अमायलेज येतं, निरोगी उंदरातही आकडा हजारांत असतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

स्लाइड बघू नका असं मी कुठे म्हटलं? पण स्लाइडसाठी जनावर मारावं लागतं, रक्त त्याच जनावराचं पुन्हा घेता येतं. आर्जिनिनचं प्रकरण वेगळं, त्यात इथे शिरत नाही.

तुम्ही स्वतः किती उंदीर हाताळलेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. निपाणी-खानापूरकडची मराठी शाळेत शिकलेली मुलं बीएस्सीला आली की एकदम इंग्रजीत बुडतात. त्यांच्यासाठी लिहितो मी. मराठीत लिहिलंय म्हणजे ऐकीव असणार, असं धरून चालू नका.

पुढच्या वेळी रक्त किती तासांनी काढलं आणि कुठल्या नळीत, तेवढं लिहा. मग बोलू.