भोंगा नाही

आज दुपारी लोअर परळच्या एका मॉलमध्ये भाच्याला टी-शर्ट घेतला. वाढदिवस त्याचा. ४९९ रुपये. मानेच्या पट्टीवर 'मेड इन बांगलादेश'. म्हटलं, बघ, आपण उभे आहोत ना, इथं कापडगिरणी होती. इथल्या साचेखात्यात तुझे आजोबा, आमचे अण्णा, दोन साचे, म्हणजे माग, चालवायचे. तर शहाणा म्हणतो, "मामा, युनियनबाजी केली म्हणूनच गिरण्या गेल्या. कायदे कडक केले की धंदा पळतो."

वाढदिवस म्हणून गप्प बसलो. आता लिहितोय.

पळतो म्हणजे कुठे पळतो रे? १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. पगारवाढ हवीच होती, पण आमची युनियन आम्ही निवडू, हेही मागणं होतं. ते बरं कुणाच्या लक्षात राहत नाही. दीड वर्ष घरी बसून, भांडीकुंडी विकून झाल्यावर अण्णा भिवंडीला गेले. कापड तर थांबलंच नव्हतं! मुंबईच्या मालकांचा माल तिकडे यंत्रमागावर निघतच होता. अण्णांचं कामही तेच. आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की दुसरी घालायची, धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढायचा, तंतू गिळायचे. पाळी मात्र बारा तासांची. फंड नाही, भरपगारी रजा नाही. पहिल्या आठवड्याचे पैसे आईच्या हातावर ठेवून म्हणाले, "साचा तोच आहे गं. फक्त भोंगा नाही."

मी सातवीत. मला वाटलं, बरंच झालं, कटकट गेली. भोंगा नाही म्हणजे 'सुटी झाली, घरी जा' असं सांगणारंच कुणी नाही, हे फार उशिरा डोक्यात शिरलं.

आता तुझ्या टी-शर्टाच्या बांगलादेशाचं ऐक. ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत पडली, २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. त्याच इमारतीतली बँक बंद ठेवली, दुकानं बंद ठेवली. शिलाईच्या पोरींना मात्र वर चढवलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. ११३४ माणसं मेली. तिथंही भोंगा नव्हता, अजून काय!

बरं, संप नको तितका ताणला, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचंही चुकलं असेल, मान्य. आणि त्या पोरींना गावात एवढीही कमाई नव्हती, तेही मान्य. पण पुढचं ऐक. राणा प्लाझानंतर ओरड झाली तेव्हा मोठमोठ्या ब्रँडना बंधनकारक करारावर सही करावी लागली. जिने, दारं, वायरिंग तपासलं, दुरुस्त्या झाल्या. पळाला का धंदा? उलट बांगलादेशची निर्यात वाढली. आणि तरी २०२३ला कामगार महिन्याला २३ हजार टका मागत रस्त्यावर आले, तर किमान वेतन ठरलं साडेबारा हजार. परवडत नाही म्हणे! ४९९मधले शिवणारीला किती गेले, ते विचार की कधी त्या काउंटरवर.

जाऊ दे. चिडून काय उपयोग. पोराला कुणी सांगितलंय हे? अण्णा भिवंडीबद्दल शेवटपर्यंत बोलले नाहीत. नुसते खोकायचे. आम्ही 'अण्णा गिरणीत होते' एवढंच सांगतो, कारण ते सांगायला बरं वाटतं. आणि ४९९ मोजून दिले ते मीच, शिवाय 'काही डिस्काउंट आहे का' असंही विचारलं.

भाच्याचा आत्ताच मेसेज आलाय, "मामा, ही पोस्ट माझ्यावर आहे का?"

हो, तुझ्यावरच आहे. रविवारी जेवायला ये. आजीला विचार भिवंडीचं, ती सांगेल.