घर पक्कं हाय न्हवं?

मान अजून डावीकडे वळत नाही, म्हणून हे उजवीकडे बघत लिहितोय.

शनिवारी आम्ही बामणोलीकडे तंबूत राहून आलो. साताऱ्यातल्या घरापासून तास-सव्वा तास. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचं पठार मागे टाकायचं (फुलं सप्टेंबरात, आता नुसतं वाळकं गवत) आणि शिवसागराच्या काठाला उतरायचं. माणशी बाराशे रुपये, त्यातले दोनशे पाण्याकडच्या रांगेचे, म्हणजे 'व्ह्यू'चे. पोराच्या हट्टापायी गेलो असं सगळ्यांना सांगतो. हट्ट माझा होता.

तंबू उतारावर. डोकं वरच्या बाजूला केलं की घसरत दाराशी, पाय वर केले की रक्त डोक्यात. आडवे झोपून पाहिलं तर मी आणि पोरगा दोघंही बायकोच्या अंगावर. ती म्हणाली, घरी वेगळं काय असतं?

मी बाहेर येऊन खुंट्या ठोकत होतो, तेवढ्यात घोंगडं पांघरलेले एक आजोबा येऊन उभे राहिले. बॅटरीचा झोत आधी तंबूवर, मग माझ्या तोंडावर.

"पावनं कुटलं?"

"साताऱ्याचे."

"म्हंजी ह्यो आपला सातारा?"

"हो."

"घर हाय?"

"आहे की. स्वतःचं."

"पक्कं हाय न्हवं?"

"आरसीसी."

आजोबांनी आवाज खाली आणला. "मग भांडान झालंय का घरात?"

तंबूच्या आतून बायको हसली. एवढ्या मोठ्यानं ती लग्नानंतर हसलेली मला आठवत नाही. मी सांगितलं, तसं काही नाही, हौस म्हणून आलोय.

"पैसं देऊन?"

"माणशी बाराशे."

आजोबा खाली बसले. खरोखर बसले, गवतात. बोटांवर हिशोब केला. "तिगांचं छत्तीसशे. आन् झोपायचं भुईवर."

"जेवण आहे त्यात."

"जेवान घरी नसतंय व्हय?"

मी निसर्ग, शांतता वगैरे सुरू केलं. शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी नेमका तेव्हाच स्पीकर लावला. आजोबांनी स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शांततेबद्दल काही विचारलं नाही. एवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

मग म्हणाले, "भूकंप झाला तवा म्या धा वर्साचा. घरात जायची भ्या वाटायची. समदं गाव भायेर, पालात. अशीच थंडी. पर एकानंबी पैसं न्हाय मागितलं बगा."

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. त्यानं ज्यांना उघड्यावर आणलं, त्यांना मी हातात खुंटी धरून उघड्यावर झोपण्याची मजा समजावत होतो. पुढे कहर म्हणजे आजोबांनी पाण्यावर बॅटरी मारली. "आमचं जुनं शिवार त्येच्या खाली हाय." कोयना धरण झालं तेव्हा गेलेलं. त्याच पाण्याच्या दर्शनाचे मी माणशी दोनशे भरले होते. ते काही त्यांच्या शिवाराला मिळायचे नव्हते.

जाताना म्हणाले, "गारठलासा तर आमच्यात या. सोपा मोकळाच हाय."

रात्र थोडक्यात सांगतो. तंबू एका कापडाचा. असल्या तंबूत तिघांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते परत आपल्यावरच पडतं. वरून दुसरं कापड असलं आणि मध्ये हवा खेळली की हे बरंच कमी होतं, पण बाराशेत एकच कापड बसतं. माझ्या कपाळावर नेमानं एकेक थेंब. अभिषेकच, फक्त भटजी नाही. जास्तीची गोधडी मागितली तर तंबूवाला पोरगा म्हणाला, शंभर रुपये. मोरीत पाणी नव्हतं. समोर शिवसागर पसरलेला आणि मोरीत रिकामी बादली. हे मला अजून पचलेलं नाही.

दोन वाजता बायको नि पोरगा उठून आजोबांच्या सोप्यात गेले. मी गेलो नाही. माझ्या वाटचे बाराशे तरी वसूल व्हायला हवे होते.

सकाळी मान धरून तिकडे गेलो, तर बायको चुलीपुढे चहा पीत बसलेली, पोरगा गोधडीत घोरतोय. तेवढ्यात तंबूवाला पोरगा आत आला. "आजा, च्या झाला?"

नातू!

त्यानं मला हिशोब दिला. गोधड्या तीन, तीनशे रुपये.

"मी एकच घेतली."

"दोन सोप्यातल्या. त्या बी आमच्याच हायत न्हवं."

मी आजोबांकडे पाहिलं. ते विस्तवात काडी सारत म्हणाले, "धंद्यातलं मला काय कळत न्हाय. त्यो बगतो समदं."

फोनवरून पैसे पाठवायला रेंज नव्हती. त्यासाठी वरच्या टेकाडावर चढावं लागलं. तिथून पाहिलं, तर बायको दुसरा चहा घेत होती. त्याचे लावले का, ते मी अजून विचारलेलं नाही.